महिला महाविद्यालयीन बास्केटबॉल आणि 'हंगाम' ही संकल्पना

कवठे महांकाळच्या परिसरात 'हंगाम' हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर प्रथम शेत उभे राहते. शाळूची पेरणी, द्राक्षाची छाटणी, द्राक्षे उतरविण्याचे दिवस, हे सारे हंगामच होत. शब्द मूळ फारसी असून त्याचा अर्थ 'काळ', 'वेळ' असा आहे. त्याचा जोडीदार 'मोसम' हा अरबीतून आला आणि त्याच अरबी शब्दापासून युरोपीय भाषांतून फिरून 'मान्सून' हा शब्द आपल्याकडे परत आला. या दोन्ही शब्दांत एक अर्थच्छटा समान आहे. जो काळ पुन्हा पुन्हा येतो आणि ज्यात कामाला पुरेसा अवधी मिळतो, तो हंगाम. एका दिवसाच्या घटनेला आपण हंगाम म्हणत नाही. महाविद्यालयीन विद्यार्थिनींच्या बास्केटबॉलला या अर्थाने हंगाम लाभला आहे काय, याचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे.

या खेळाचा जन्म अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे डिसेंबर १८९१ मध्ये झाला. जेम्स नेस्मिथ यांनी हिवाळ्यात छपराखाली खेळता यावा म्हणून तो योजिला. लगेच पुढल्या वर्षी स्मिथ कॉलेजातील शिक्षिका सेंडा बेरेन्सन यांनी तो आपल्या विद्यार्थिनींना शिकविण्यास आरंभ केला. मात्र त्यांनी नियम बदलले. मैदानाचे तीन भाग करून प्रत्येक खेळाडूस आपल्या भागात बांधून ठेवले आणि प्रतिपक्षाच्या हातातील चेंडू हिसकावण्यास मनाई केली. स्त्रियांच्या प्रकृतीस अतिश्रम सोसणार नाहीत आणि चुरशीने त्यांची वागणूक बिघडेल, ही त्या काळची समजूत या बदलांमागे होती. बेरेन्सन यांनी ती समजूत मोडली नाही. तिच्या मर्यादेत राहून त्यांनी खेळाला जागा मिळवून दिली. ४ एप्रिल १८९६ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया या विद्यापीठांच्या विद्यार्थिनींत सामना झाला, त्याला पुरुष प्रेक्षकांस प्रवेश नव्हता. स्टॅनफर्डने तो २–१ असा जिंकला. महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलचा हा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना मानला जातो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. सामना १८९६ मध्ये झाला, पण हंगाम यावयास त्यानंतर पाऊण शतकाहून अधिक काळ लागला. शिक्षणसंस्थांत लिंगभेद करण्यास प्रतिबंध करणारा कायदा अमेरिकेत १९७२ मध्ये झाला. ऑलिंपिकमध्ये महिलांचे बास्केटबॉल १९७६ साली माँट्रियल येथे प्रथम आले आणि अमेरिकन महाविद्यालयांच्या मुख्य क्रीडासंघटनेने महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९८२ मध्ये सुरू केली. आज तेथील मोठ्या महाविद्यालयाचा महिला संघ नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत सुमारे तीस सामने खेळतो. खेळण्याची परवानगी आणि खेळण्याचा हंगाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या इतिहासावरून दिसून येते.

आपल्याकडे हा खेळ मुख्यतः ख्रिस्ती युवक संघाच्या द्वारे आला. १९२० मध्ये मद्रास येथे हॅरी बक यांनी स्थापिलेल्या शारीरिक शिक्षणाच्या विद्यालयाचा त्याच्या प्रसारात मोठा वाटा आहे. पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा १९३४ मध्ये झाली व भारतीय बास्केटबॉल महासंघ १९५० मध्ये स्थापन झाला. सांगलीच्या बाजूस मात्र जमिनीतच रुजलेले खेळ निराळे होते. खो-खोला पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास नियमबद्ध रूप दिले. कबड्डी तर गावोगाव होतीच. या खेळांची परिभाषाही येथलीच आहे. चढाई, पकड, लोण, पाटी, खांब हे शब्द कोणत्याही मुलीस समजावून सांगावे लागत नाहीत. बास्केटबॉलमध्ये रिंग, बोर्ड, पास, ड्रिबल, फाऊल हे सारे शब्द उसने आहेत. उसने शब्द हा दोष नव्हे. परंतु जो खेळ घरी, अंगणात, बोलण्यात येत नाही, तो शिकण्याची एकच जागा उरते, ती म्हणजे महाविद्यालयाचे मैदान. म्हणून त्या मैदानावर किती दिवस व किती सामने मिळतात, हा प्रश्न खो-खोपेक्षा बास्केटबॉलच्या बाबतीत अधिक निकडीचा ठरतो.

या भागातील महाविद्यालये प्रथम मुंबई, १९४९ पासून पुणे व १९६२ मध्ये कोल्हापूर येथे शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर त्या विद्यापीठाच्या कक्षेत आली. स्पर्धांची शिडी सर्वत्र साधारण एकच आहे. आधी विभागीय सामने, मग आंतरविभागीय, त्यातून विद्यापीठाचा संघ आणि शेवटी आंतरविद्यापीठ स्पर्धा. ही शिडी निवडीसाठी उभारलेली आहे. उत्तम बारा खेळाडू निवडणे हे तिचे काम होय आणि ते ती करते.

पण ज्या निवडल्या जात नाहीत त्यांचे काय? जेथे बाद पद्धतीने सामने होतात तेथील गणित पाहू. सोळा संघांच्या स्पर्धेत एकूण पंधरा सामने होतात. आठ संघ एक सामना खेळून घरी जातात, चार संघांस दोन, दोन संघांस तीन आणि अंतिम दोघांस प्रत्येकी चार सामने मिळतात. बास्केटबॉलचा सामना दहा मिनिटांच्या चार डावांचा, म्हणजे प्रत्यक्ष खेळाची चाळीस मिनिटे. अर्ध्या संघांचा वर्षाचा हंगाम चाळीस मिनिटांत संपतो. पुष्कळदा अखेरच्या चार संघांत साखळी सामने ठेवतात. म्हणजे ज्यांना खेळ येतो त्यांनाच अधिक खेळावयास मिळते. याउलट सोळा संघांचे चार गट करून प्रत्येक गटात साखळी ठेवली, तर चोवीस सामने होतील, उपान्त्य व अंतिम मिळून आणखी तीन. बारा सामने वाढवून सर्वांत दुबळ्या संघासही तीन सामने मिळतात.

खर्च, प्रवास, वसतिगृह, पंच या अडचणी खऱ्या आहेत. मिरजेच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यातील मुलीच्या घरून तीन दिवसांची परवानगी मिळणे हेही सोपे नाही. परीक्षेचे दिवस आणि द्राक्षाचे दिवस एकत्र येतात, त्या वेळी घरचे काम तिलाच हाक मारते. तरीही जवळच्या चार महाविद्यालयांनी आपसांत साखळी सामने ठेवले, तर प्रवास एका दिवसाचा होतो आणि संध्याकाळी मुलगी घरी पोहोचते. म्हैसाळ योजनेचे पाणी या तालुक्यात आल्यावर पिकांचे हंगाम बदलले, कारण पाणी सर्व शेतांना थोडेथोडे देता येऊ लागले. हे उदाहरण येथे अप्रस्तुत नाही.

पुण्याच्या शिरीन लिमये भारताच्या संघातून खेळल्या, याचा महाराष्ट्रास रास्त अभिमान आहे. परंतु एखाद्या खेळाचा इतिहास केवळ विजेत्यांच्या नावांनी लिहिता येत नाही. पहिल्याच फेरीत हरलेला संघ पुढल्या वर्षी पुन्हा आला की नाही, हेही त्या इतिहासात नोंदविले पाहिजे. महाविद्यालयांच्या क्रीडाविभागांनी आपल्या महिला संघाने वर्षात किती सामने खेळले, एवढी एकच संख्या दरवर्षी लिहून ठेवली, तरी पुढील अभ्यासकास या प्रश्नाचे उत्तर देता येईल. आणि 'हंगाम' हा शब्द आपण त्या विद्यार्थिनींच्या बाबतीत योग्य अर्थाने वापरतो की केवळ सवयीने, याचाही निर्णय होईल.