जुन्या फोक्सवॅगन कॅम्परमध्ये लिथियम बॅटरी बसवायची असेल, तर बॅटरी सगळ्यात शेवटी का घ्यायची?

समुद्रकिनारा, गोल हेडलाइटची दोन रंगांची फोक्सवॅगन व्हॅन, वर उचललेलं छत आणि आत मिणमिणते दिवे. हे रील तुमच्याही फीडमध्ये कधी ना कधी येऊन गेलं असेल. १९६० आणि ७० च्या दशकात युरोपातून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान करत अशाच व्हॅन थेट गोव्यापर्यंत यायच्या. १९७९ मध्ये इराणमधली क्रांती आणि अफगाणिस्तानातली सोव्हिएत फौज यामुळे तो रस्ता बंद झाला, पण व्हॅनची क्रेझ काही गेली नाही.

आज जर्मनी, ब्रिटनमध्ये लोक या गाड्या हौसेने दुरुस्त करून फिरायला काढतात. मग पहिला विचार येतो तो असा : "एक मोठी लिथियम बॅटरी टाकू, म्हणजे फ्रिजही चालेल आणि लॅपटॉपही."

गडबड इथेच होते. कारण या कामात बॅटरीचा नंबर शेवटचा आहे.

मुळात या गाडीत वीज होतीच किती?

फोक्सवॅगनने टाइप २ ही व्हॅन १९५० मध्ये आणली. पुढच्याच वर्षी वेस्टफालिया या जर्मन कंपनीने तिच्यात झोपण्याची, स्वयंपाकाची सोय करून द्यायला सुरुवात केली. तेव्हाच्या कॅम्परमध्ये बर्फ ठेवायचा आइसबॉक्स, पाण्याचा हातपंप आणि एखाद-दुसरा छोटा दिवा असायचा. वीज लागायची ती मुख्यतः गाडी चालवायला.

१९६६ पर्यंतच्या मॉडेलमध्ये तर सगळी वायरिंग ६ व्होल्टची होती. १९६७ च्या मॉडेलपासून १२ व्होल्ट आले. त्यामुळे गाडी त्याआधीची असेल, तर पहिलं काम म्हणजे ६ चे १२ व्होल्ट करणं. त्यात बल्ब, इग्निशन कॉइल, डायनामो, रेग्युलेटर, रिले, हॉर्न, वायपरची मोटर असं बरंच काही बदलावं लागतं. वायर मात्र सुस्थितीत असतील तर चालून जातात. तेवढ्याच वॉटला १२ व्होल्टवर निम्मा करंट लागतो, आणि ६ व्होल्टच्या वायर आधीच जाड असतात.

पहिली पायरी : हिशोब

रोज किती वीज लागणार हे कागदावर मांडायला पाच मिनिटं पुरतात. वॉट गुणिले तास म्हणजे वॉट-अवर.

- ४५ वॉटचा कॉम्प्रेसर फ्रिज, दिवसातला साधारण ४० टक्के वेळ चालू : ४३२
- ३ वॉटचे चार एलईडी, ५ तास : ६०
- २० वॉटचा पंखा, ६ तास : १२०
- लॅपटॉप : १००
- दोन फोन : ३०
- ४० वॉटचा पाण्याचा पंप, पाव तास : १०

बेरीज झाली ७५२ वॉट-अवर. घरच्या वीजबिलाच्या भाषेत फक्त पाऊण युनिट. पण हे पाऊण युनिट रोज कुठून तरी परत भरायचं आहे, आणि खरा प्रश्न तोच आहे.

दुसरी पायरी : बॅटरी भरणार कोण?

१९७० च्या आसपासच्या व्हॅनमध्ये अल्टरनेटर नाही, डायनामो असतो. त्याची क्षमता जेमतेम ३० ते ४० अँपिअर, आणि तीही इंजिन चांगल्या वेगात फिरत असताना. सिग्नलला गाडी उभी राहिली की डायनामो जवळपास काहीच देत नाही.

समजा, डायनामो ३८ अँपिअरचा आहे. रात्री पावसात हेडलाइट, वायपर आणि इग्निशन मिळून साधारण १५ अँपिअर खातात. उरले २३. आता लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध खूप कमी असतो. ती रिकामी असताना साध्या रिलेने थेट जोडली, तर मिळेल तेवढा करंट ओढत राहते. इतका भार सतत ओढला तर डायनामो तापून जळू शकतो.

म्हणून मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लावतात. तो करंटवर मर्यादा घालतो आणि लिथियमला लागणारे १४.२ ते १४.६ व्होल्टही देतो. पण इथेही २० अँपिअरचा चार्जर घेतला, तर तो डायनामोकडून २३-२४ अँपिअर मागणार, म्हणजे उरलेलं सगळं आणि वर थोडं. त्यामुळे डायनामो असेल तर १० अँपिअरच्या आसपासचा चार्जर बरा. मोठा हवा असेल तर आधी अल्टरनेटर बसवावा लागतो.

१० अँपिअरने दोन तास गाडी चालवली की साधारण २८० वॉट-अवर परत येतात. लागतात ७५२. उरलेली तूट सोलरने भरायची. उन्हाळ्यातल्या चांगल्या दिवशी १०० वॉटचं पॅनल मध्य युरोपात साधारण ३०० ते ४०० वॉट-अवर देतं, हिवाळ्यात त्याहून खूपच कमी. याचा अर्थ, भरायची सोय नसेल तर कितीही मोठी बॅटरी आणली तरी ती एकदाच कामाला येईल.

तिसरी पायरी : वायर आणि फ्यूज

फ्रिज ४ अँपिअर घेतो आणि बॅटरीपासून ४ मीटर लांब आहे असं धरा. जाऊन-येऊन ८ मीटर वायर झाली. १ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर वापरली तर वाटेतच ०.५६ व्होल्ट गळतात. ४ स्क्वेअर एमएमची वापरली तर फक्त ०.१४. बॅटरी थोडी उतरली असताना हाच अर्धा व्होल्ट कमी पडतो आणि फ्रिज बंद होतो. मालक मात्र बॅटरीला दोष देत बसतो.

१००० वॉटचा इन्व्हर्टर लावायचा असेल, तर १२ व्होल्टवर तो ९० अँपिअरच्या आसपास ओढतो. तिथे ३५ स्क्वेअर एमएमची केबल लागते. मूळ वायरिंगवर असा भार टाकणं म्हणजे आगीला आमंत्रण. या गाडीच्या मूळ फ्यूज बॉक्समध्ये ८ आणि १६ अँपिअरचे फ्यूज असतात, यावरूनच अंदाज यावा.

आगीची भीती या गाडीत जास्त आहे. इंजिन मागे, पेट्रोलची टाकी त्याच्या अगदी जवळ आणि स्टार्टर बॅटरीही इंजिनाच्याच खोलीत. पेट्रोलचे जुने रबरी पाइप तडकून गळती होणं हा या गाड्यांचा जुना आजार. अशा ठिकाणी एक ठिणगी पुरते. त्यामुळे इलेक्ट्रिकच्या कामाला हात लावण्याआधी पेट्रोलचे पाइप बदलून घ्यायचे असतात.

फ्यूजचा नियम सोपा आहे : फ्यूज उपकरणाला नाही, वायरला वाचवतो. म्हणून तो वायरच्या क्षमतेनुसार निवडायचा आणि बॅटरीच्या प्लसपासून शक्य तितक्या जवळ लावायचा. लिथियम बॅटरी शॉर्ट झाली तर हजारो अँपिअर देऊ शकते. तेवढा करंट तोडू शकेल असाच मुख्य फ्यूज हवा.

आणखी एक गोष्ट म्हणजे अर्थिंग. या गाड्यांमध्ये निगेटिव्ह थेट बॉडीला जोडलेला असतो. पन्नास वर्षांत तिथे गंज चढतो, मग दिवे मंद होतात, स्टार्टर अडखळतो. अनेकदा नुसती अर्थची जागा घासून, नवी थिंबल लावून घट्ट केली की अर्ध्या तक्रारी मिटतात.

आता बॅटरी

१०० अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी २५ ते ३० किलोची असते. ती जास्त वर्षं टिकवायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे हातात येतात ६०० वॉट-अवर. आपल्या हिशोबाला एक दिवसही पुरत नाही. शिवाय चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघू शकतो, म्हणून झोपायच्या जागेत ठेवली तर हवा बाहेर जायची सोय लागते.

तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी बॅटरी १० ते १३ किलोची. तिच्यातले ११५० वॉट-अवर बिनधास्त वापरता येतात, म्हणजे दीड दिवसाची सोय. हे रसायन १९९७ च्या शोधनिबंधातून जगासमोर आलं. त्यावर नावं होती ए. के. पाढी, के. एस. नंजुंदस्वामी आणि पुढे २०१९ मध्ये नोबेल मिळालेले जॉन गुडइनफ यांची.

एलएफपीची अट एकच, पण कडक आहे. तापमान शून्य अंशाखाली असताना तिला चार्ज करायचं नाही, नाहीतर आत लिथियमचा थर जमून बॅटरी कायमची खराब होते. थंडीत चार्जिंग आपोआप थांबवणारी बीएमएस असेल तरच घ्यावी. आणि ती तापणाऱ्या इंजिनाच्या खोलीत न ठेवता मागच्या सीटखालच्या पेटीत, पक्की बांधून ठेवावी.

मूळ वायरिंग का तोडत नाहीत?

जर्मनीत ३० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाडीला नंबरप्लेटवर 'एच' अक्षर मिळतं. त्यासाठी गाडीचं मूळपण तपासलं जातं. म्हणून जाणकार मालक नवी वायरिंग वेगळी टाकतात आणि जुन्या वायरिंगला धक्का लावत नाहीत. उद्या सगळं काढलं तरी गाडी होती तशी राहते. बिघाड शोधतानाही याचा फायदा होतो : दिवे गेले तर जुनं सर्किट बघायचं, फ्रिज गेला तर नवं.

कॅम्पसाइटवरची २३० व्होल्टची लाइन आत घ्यायची असेल, तर ३० मिलिअँपिअरचा आरसीडी हवाच आणि ते काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनचंच. बाकी काम स्वतः केलं तरी आत हाताशी अग्निशामक सिलिंडर असावा, आणि नव्या वायरिंगवरचा पहिला मुक्काम घराच्या अंगणातच करावा. काही तापत असेल, वास येत असेल, तर ते तिथेच कळलेलं बरं.