खोबणीत उतरलेला अहवाल

कारखान्याच्या भोंग्याचे आणि यंत्रांच्या खडखडाटाचे अनुकरण म्हणजे औद्योगिक संगीत, अशी समजूत सर्रास आढळत असली, तरी ज्या संचामुळे हे नाव रूढ झाले त्या लंडनच्या थ्रॉबिंग ग्रिसलच्या मनात त्याचा दुसराही अर्थ होता: ध्वनिमुद्रिका हादेखील अखेर कारखान्यातून निघणारा मालच असतो. हल शहरात १९६९ मध्ये सुरू झालेल्या कूम ट्रान्समिशन्स या प्रयोगकलेच्या गटातून हा चौघांचा संच निघाला, त्याने १९७६ मध्ये ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ ही स्वतःची कंपनी काढली आणि १९७७ मधील पहिल्याच तबकडीला ‘दुसरा वार्षिक अहवाल’ या अर्थाचे नाव देऊन कंपन्यांच्या कारभाराची थट्टाही साधली. अवघ्या ७८५ प्रतींच्या त्या तबकडीच्या पहिल्या बाजूवर मुख्यतः प्रत्यक्ष प्रयोगांची मुद्रणे होती, आणि त्यांत एकाच रचनेची निरनिराळ्या ठिकाणची रूपे एकापुढे एक ठेवलेली होती.

यामागे सोय होती, तसा विचारही होता. ख्रिस कार्टर यांची घरी जुळवलेली विद्युत्‌यंत्रे, पीटर क्रिस्टोफरसन यांनी कळपट्टीला जोडलेली कॅसेटयंत्रे, कोझी फॅनी टुटी यांची गिटार व कॉर्नेट आणि जेनेसिस पी-ऑरिज यांचा आवाज यांतून जे उभे राहत असे, त्याला मैफल म्हणणे काहीसे उदारपणाचेच ठरेल. पण बराचसा भाग आयत्या वेळी सुचलेला असल्यामुळे मुद्रण हीच त्या रचनेची एकमेव संहिता उरे. म्हणूनच आपले प्रयोग नेमाने कॅसेटवर टिपून ठेवण्याची दक्षता या संचाने घेतली आणि पुढे अशा तासातासाच्या चोवीस कॅसेटींचा संग्रहही विक्रीस काढला.

कॅसेटवर जे सहज मावत असे ते तबकडीवर मावत नसे. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या दीर्घ तबकडीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटांचेच मुद्रण नीट बसते. शिवाय आवाज जितका मोठा आणि खर्जाचा, तितकी सुईची खोबण, म्हणजे ध्वनीची वळणे घेत जाणारी बारीक चर, अधिक रुंद हेलकावे घेते, तिच्या दोन वेढ्यांमध्ये जास्त अंतर सोडावे लागते आणि त्या प्रमाणात वेळ घटतो. खर्जाच्या घरघरीवरच ज्यांचा डोलारा उभा, त्यांना ही अडचण विशेष जाचणारी होती.

१६ फेब्रुवारी १९८० रोजी हॅकनीतील मार्टेलो स्ट्रीटवरच्या आपल्या स्टुडिओत मोजक्या निमंत्रितांसमोर सादर केलेला प्रयोग ‘हीदन अर्थ’ या नावाने तबकडीवर आला, तेव्हा स्टुडिओतील मुद्रण आणि जाहीर प्रयोग हा भेद जवळजवळ मिटला. याउलट ‘मिशन ऑफ डेड सोल्स’ ही खरीखुरी सभागृहातली नोंद आहे. २९ मे १९८१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या केझार पॅव्हिलियनमध्ये झालेला तो प्रयोग मूळ कालखंडातला शेवटचा ठरला. महिन्याभरातच मोहीम संपल्याचे पोस्टकार्डांनी कळवण्यात आले आणि तबकडी त्यानंतर फेटिश रेकॉर्ड्सकडून बाहेर पडली, त्यामुळे ती विकत घेणाऱ्याच्या हाती आला तो विसर्जित झालेल्या कंपनीचा अहवाल.