आप्तांचे दुःख आणि देहदंडाचा निवाडा
#थ्रेड

१/७ खुनाचा गुन्हा सिद्ध झाला आहे. देहदंड की जन्मठेप, एवढेच ज्युरीने ठरवायचे आहे. अशा वेळी मृताच्या आप्तांचे दुःख तिच्यासमोर यावे काय? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चार वर्षांच्या अंतराने या प्रश्नाची दोन परस्परविरोधी उत्तरे दिली.

२/७ फौजदारी खटला हा शासन आणि आरोपी यांच्यातला. पीडिताचे स्थान साक्षीदारापुरते. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो येथे प्रोबेशन अधिकारी जेम्स रोलंड यांनी शिक्षेपूर्वीच्या अहवालात पीडिताच्या हानीची नोंद घेण्यास प्रारंभ केला. १९८२ च्या कायद्याने संघीय न्यायालयांतही ही नोंद आवश्यक ठरली.

३/७ १९८७ : बूथ विरुद्ध मेरीलँड. बाल्टिमोरमधील एका वृद्ध दाम्पत्याच्या खुनाच्या खटल्यात कुटुंबीयांची व्यथा ज्युरीला वाचून दाखवण्यात आली. न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते घटनाबाह्य ठरवले. न्या. पॉवेल यांची भूमिका अशी की, आप्त किती परिणामकारकपणे बोलतात यावर कोणाचा प्राण अवलंबून असू नये. शिवाय काही मृतांच्या मागे कोणीच नसते, त्यांचे काय?

४/७ १९९१ : पेन विरुद्ध टेनेसी. आई आणि चिमुकली मुलगी मारली गेली; तीन वर्षांचा मुलगा जबर जखमी होऊन वाचला. तो आईसाठी रडतो, असे आजीने साक्षीत सांगितले. या वेळी ६ विरुद्ध ३ मतांनी अशी साक्ष ग्राह्य ठरली. सरन्यायाधीश रेन्क्विस्ट यांच्या मते, आरोपीच्या बाजूने त्याचे सारे आयुष्य मांडता येत असेल, तर मृत व्यक्तीनेच अनामिक का राहावे?

५/७ दरम्यान राज्यघटना बदलली नव्हती. न्यायपीठ बदलले होते. पॉवेल आणि ब्रेनन निवृत्त होऊन केनेडी आणि सूटर आले होते. न्या. मार्शल यांनी आपल्या भिन्नमतात नेमके यावरच बोट ठेवले आणि त्याच दिवशी, २७ जून रोजी, निवृत्ती जाहीर केली.

६/७ एक मर्यादा मात्र टिकली. आप्तांनी आपले दुःख सांगावे. कोणती शिक्षा द्यावी, हे सांगू नये. २०१६ मध्ये ओक्लाहोमातील एका खटल्यात न्यायालयाने याचा पुनरुच्चार केला.

७/७ मल्लिकार्जुन कोडगली प्रकरणात (२०१८) आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही शिक्षेपूर्वी पीडिताचे निवेदन विचारात घेण्याची गरज मांडली. पीडिताला न्यायालयात स्थान मिळणे उचितच आहे. परंतु ज्याच्यासाठी रडणारे कोणी नाही, त्याच्या प्राणाचे मोल कमी ठरू नये, याची हमी कोण देणार? पॉवेल यांच्या या शंकेचे समाधान पेन निकालानेही पुरते झालेले नाही.