अनार्कावरच्या तीस शस्त्रक्रिया

1845 ते 1849. अलाबामातल्या मॉन्टगोमेरीत डॉ. जे. मॅरियन सिम्स गुलाम स्त्रियांवर शस्त्रक्रिया करून पाहत होता. अडलेल्या बाळंतपणात मूत्राशयाला पडलेलं छिद्र शिवायचं. अनार्का, बेट्सी, लुसी ही तिघींची नावं उरली आहेत. एकट्या अनार्कावर सुमारे 30 वेळा, आणि भूल न देता! 1846 मध्ये बॉस्टनला ईथरचा जाहीर प्रयोग झाला होता. पण या शस्त्रक्रियेतली वेदना भूल देण्याइतकी नसते, असं सिम्स पुढेही सांगत राहिला. (संमती मालकांची, किंकाळ्या बायकांच्या.) न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून त्याचा पुतळा 2018 मध्ये हटवला. त्याआधी दोनच वर्षं व्हर्जिनिया विद्यापीठाच्या अभ्यासात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी आणि निवासी डॉक्टरांपैकी निम्म्यांनी ‘काळ्यांची कातडी जाड असते’ यासारखा एखादा तरी खोटा समज खरा मानला. अशांनी काळ्या रुग्णाची वेदना कमी मोजली, उपचारही चुकीचे सुचवले.