सोंग, सवंगडी आणि हशा

गावच्या हौशी नाटकाची आठवण निघाली, की राजाचे पल्लेदार स्वगत कुणाला आठवत नाही. ऐन दरबारात त्याची डिंकाने चिकटवलेली मिशी गळून पडली आणि प्रधान झालेल्या शेजाऱ्याला हसू आवरेना, ही गोष्ट मात्र तीस-तीस वर्षे सांगितली जाते. सोंग निसटते, आतला ओळखीचा माणूस दिसतो आणि त्या क्षणी हशा पिकतो. संगणकाच्या जाळ्यावर मित्रांनी मिळून खेळावयाच्या सोंगांच्या खेळांचा इतिहास चाळू लागलो, तर तेथेही हेच आढळते. हा इतिहास सहसा यंत्रांच्या आणि कंपन्यांच्या प्रगतीचा म्हणून लिहिला जातो. खेळणाऱ्यांच्या तोंडी मात्र तो फजितीचा इतिहास आहे, आणि तोच अधिक काळ टिकला आहे.

या खेळांचे मूळ संगणकात नाही, टेबलाभोवतीच्या बैठकीत आहे. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. चार-सहा मित्रांनी एकत्र बसावे, कुणी योद्धा व्हावे, कुणी मांत्रिक, कुणी चोर. एकाने कथा सांगत न्यावी आणि कृतीचे यशापयश फाशांनी ठरवावे, अशी त्याची रीत. शूर योद्ध्याने तलवार उपसावी आणि फाशाने दगा द्यावा, यात जी गंमत होती ती समोर बसलेल्या मित्राच्या पडलेल्या चेहऱ्यामुळे.

पुढे ही बैठक संगणकात शिरली. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने अनेकांनी एकाच वेळी खेळण्याचा एक खेळ रचावयास घेतला आणि त्याचा सहाध्यायी रिचर्ड बार्टल याने तो पुढे पूर्णत्वास नेला. ‘मल्टी यूजर डन्जन’ या नावाची आद्याक्षरे जुळवली, की ‘मड’ म्हणजे चिखल असा शब्द होतो. योगायोग असा, की या खेळात सापडलेला खजिना दलदलीत नेऊन टाकला म्हणजे गुण मिळत! चित्र नव्हते, ध्वनी नव्हता. पडद्यावर नुसती अक्षरे उमटत. विद्यापीठाबाहेरच्या खेळाडूंना संगणक मोकळा मिळे तो मध्यरात्रीनंतर. आडवेळी जागून, नावे बदलून, लोक परस्परांचा खजिना पळवीत.

सोंग निसटण्याचा सर्वांत गाजलेला प्रसंग १९९७ सालचा. ‘अल्टिमा ऑनलाइन’ हा खेळ बाजारात येण्यापूर्वी त्याची चाचणी चालू होती. खेळाचा जनक रिचर्ड गॅरियट स्वतः त्यात ‘लॉर्ड ब्रिटिश’ नावाचा राजा होता. ऑगस्ट महिन्यात राजेसाहेब प्रजेला दर्शन देण्यास निघाले. राजा अमर असावा अशी व्यवस्था होती. पण मधेच संगणक बंद पडून पुन्हा सुरू झाला, आणि अमरत्वाची कळ पुन्हा दाबावयास महाराज विसरले. गर्दीतल्या ‘रेंझ’ नावाच्या खेळाडूने आगीचा मंत्र टाकला आणि साऱ्या प्रजेदेखत राजा गतप्राण झाला. मग राजपक्षाने राक्षस सोडले, त्यांत भलतीच निरपराध माणसे बळी पडली. रेंझला चाचणीतून काढण्यात आले. त्याच्या पूर्वीच्या खोड्या हे कारण देण्यात आले. त्या राजाने चाचणीत काय भाषण केले, हे आज कुणी सांगत नाही. तो विसराळूपणाने मेला, हे मात्र सर्वांना ठाऊक आहे.

नोव्हेंबर २००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला. आता दूरदूरच्या घरांत बसलेले मित्र कानाला यंत्र लावून एकमेकांचे आवाज ऐकत खेळू लागले. मे २००५ मध्ये एका चमूने आपल्या खेळाचे चित्रण प्रसिद्ध केले. चमूचे नाव ‘पाल्स फॉर लाइफ’, म्हणजे जन्माचे सोबती. ड्रॅगनच्या अंड्यांनी भरलेल्या दालनाबाहेर उभे राहून मंडळी गंभीरपणे मोहीम आखत आहेत. एकाने तर वाचण्याची शक्यता ३२.३३ टक्के अशी दशांशासह काढली आहे. चमूतील लीरॉय जेन्किन्स या वेळी जागेवर नाही. तो परततो, योजनेचा एक शब्दही न ऐकता स्वतःच्याच नावाची आरोळी ठोकून आत धावतो, आणि त्याला वाचवावयास गेलेले सगळेच मारले जातात. सोबती शिव्यांची लाखोली वाहतात. लीरॉयचे समाधान एवढेच, की आपल्यापाशी खावयास कोंबडी आहे! त्याच वर्षी अमेरिकेतील ‘जेपर्डी’ या दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषेत त्याचे नाव आले, आणि २००८ मध्ये त्या खेळात त्याच्या नावाचा एक बहुमानही ठेवला गेला.

येथे इतिहासकाराला थबकावे लागते, कारण हा पुरावा अस्सल नव्हता. लीरॉयचे सोंग वठवणारा बेन शुल्झ आणि त्याचे मित्र यांनी तो प्रसंग ठरवून रचला होता. अतिगंभीर योजना आखणाऱ्या खेळाडूंची ती थट्टा होती. २०१७ साली त्यांच्यापैकी एकाने आधीची तालीमही प्रसिद्ध केली, तेव्हा उरलासुरला संशय फिटला. मग ही आठवण खोटी म्हणून टाकून द्यावी काय? मला तसे वाटत नाही. घटना म्हणून ती खोटी आहे. पण ज्याने मित्रांसह असा खेळ खेळला, त्या प्रत्येकाला तिच्यात आपला कुणी लीरॉय भेटला. बखरीत तपशील चुकतात, तरी त्या काळची माणसे तिच्यात सापडतात, तसेच हे.

या हशाला कधी कधी जगाची भरपाई करावी लागते. ‘स्टार वॉर्स गॅलक्सीज’ नावाचा असाच एक खेळ २००३ मध्ये सुरू झाला आणि डिसेंबर २०११ मध्ये कंपनीने तो बंद केला. त्यातील नगरे, घरे, दुकाने एका रात्रीत नाहीशी झाली. तेथे घडलेले जे काही उरले, ते मुख्यत्वे सोबत खेळलेल्यांच्या स्मरणात.

हे स्मरण किती मोलाचे असते, ते नॉर्वेतील एका कुटुंबाला फार उशिरा कळले. मॅट्स स्टेन या तरुणाला स्नायू क्षीण करणारा दुर्धर आजार होता. चाकांच्या खुर्चीत बसून तो तासन्‌तास ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ खेळे. आपला मुलगा एकाकी जगला, अशीच आईवडिलांची समजूत. नोव्हेंबर २०१४ मध्ये वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो वारला. त्याच्या जालनिशीवर वडिलांनी निधनाची वार्ता लिहिली, आणि अनोळखी माणसांची पत्रे येऊ लागली. ‘इबेलिन’ या सोंगातला मॅट्स त्यांना ठाऊक होता: थट्टेखोर, धीर देणारा, प्रसंगी चुकणाराही. अंत्यविधीला त्याच्या चमूतील काही जण परदेशांतून आले. त्याच्या जीवनावरील माहितीपट २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. ज्यांना त्याने कधी प्रत्यक्ष पाहिले नाही, ते त्याचे खरेखुरे सवंगडी होते, कारण सोंगाआडचा माणूस त्यांनी ओळखला होता.

रात्री बंद दाराआड कानाला यंत्र लावून एकटाच हसणारा मुलगा आज अनेक घरांत आहे. वेळेचा अपव्यय म्हणून त्याला रागवण्याचा वडीलधाऱ्यांचा अधिकार मी नाकारीत नाही. पण रागावण्यापूर्वी एकदा शेजारी बसून विचारावे, “आज कुणाची फजिती झाली रे?” तो जे सांगेल, त्यात त्याच्या मित्रांची ओळख होईल, आणि आपल्या नाटकातल्या त्या मिशीची गोष्टही मग त्याला सांगता येईल.