ओली काच आणि अजिंठ्याचा गेरू

इतिहासाच्या साधनांची वर्गवारी करताना जुन्या छायाचित्रांना सामान्यतः निरपवाद साक्षीचा मान दिला जातो. बखरकार पक्षपात करील, चित्रकार सुशोभित करील. यंत्राला मात्र रागलोभ नसल्यामुळे त्याने टिपलेले तेवढे जसेच्या तसे असावे, अशी यामागील धारणा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील छायाचित्रांपुरती तरी ही धारणा तपासून घेणे अवश्य आहे. त्या काळच्या काचेला काही रंग दिसत होते आणि काही मुळीच दिसत नव्हते. अजिंठ्याच्या लेण्यांच्या बाबतीत या एका गोष्टीचा परिणाम फार दूरवर पोचला.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज शिल्पकाराने १८५१ साली कलोडियनची पद्धती प्रसिद्ध केली आणि तिचे एकस्व न घेता ती सर्वांना खुली ठेवली. पुढील तीस वर्षे जगातील बहुतेक छायाचित्रण याच पद्धतीने झाले. तिची कृती अशी : नत्राम्ल व गंधकाम्ल यांच्या मिश्रणात कापूस भिजवून तयार केलेला स्फोटक कापूस ईथर व मद्यार्क यांत विरघळवावयाचा, त्यात आयोडाइडचा क्षार मिसळावयाचा, तो पाकासारखा द्रव स्वच्छ पुसलेल्या काचेच्या मधोमध ओतून, काच चारी कोपऱ्यांकडे कलती करीत सर्वत्र सारखा पसरावयाचा आणि उरलेला एका कोपऱ्यातून पुन्हा बाटलीत उतरवावयाचा. साय धरते न धरते तोच ती काच अंधाऱ्या तंबूत सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवावयाची. तेथून निथळती काच कॅमेऱ्यात, कॅमेऱ्यातून परत तंबूत, तेथे हिराकशीचे किंवा पायरोगॅलिक आम्लाचे पाणी एका झोकात अंगावर, मग स्वच्छ पाणी, नंतर हायपो अथवा पोटॅशियम सायनाइड, पुन्हा पाणी, आणि शेवटी मंद आचेवर वाळवून राळेचे रोगण. काच ओली असेपर्यंतच तिला प्रकाशाची जाणीव असते. म्हणून पहिल्या ओतण्यापासून हिराकशीपर्यंतचा सारा खटाटोप दहा-एक मिनिटांत उरकावा लागे. या कामगाराची ओळख त्याच्या बोटांवरून पटे, कारण चांदीच्या क्षाराने काळी पडलेली कातडी कित्येक दिवस उजळत नसे.

थंड देशातील ही दहा मिनिटे आपल्याकडे पुरी मिळत नसत. ईथर सुमारे पस्तीस अंश सेल्सिअसला उकळते. अजिंठ्याच्या डोंगरात काय किंवा वऱ्हाडात काय, चैत्र-वैशाखात सावलीतील हवाच त्याहून तापलेली असते. म्हणजे द्रव काचेवर ओतता ओतताच त्यातील ईथर उडून जाई, सायीला घड्या पडत आणि धूळ तिच्यावर चिकटून बसे. यावर पहाटे काम करणे, बाटल्या ओल्या फडक्यांत गुंडाळणे, काचेवर मधाचे पाणी देऊन तिचा ओलावा लांबविणे असे नाना उपाय त्या काळी होत असत. अनेकांनी तर या पद्धतीचा नादच सोडून आधी तयार करून ठेवता येणारा मेणकागद पत्करला. त्यावर बारीक तपशील उमटत नसे, पण तो उन्हाळा सोशीत असे.

शिवाय वजनाचा प्रश्न होताच. काचा, बाटल्या, तंबू, तिवई आणि मुबलक पाणी हे सर्व बरोबर हवे. ते वाहणारे हमाल आणि पखाल आणणारे भिस्ती यांच्यावाचून एकही काच धुतली गेली नसती. परंतु तयार पुस्तकांत त्यांची नावे सहसा येत नाहीत. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोचला, तो बडनेरा-वर्धा या वाटेने. दक्षिण वऱ्हाडातील वणी, केळापूर, घाटंजी हा मुलूख त्या रुळांपासूनही बैलगाडीच्या काही दिवसांच्या प्रवासावर राहिला. नुसत्या दोन पेट्या काचांसाठी असा प्रवास कोण करणार? जुन्या छायाचित्रांचा नकाशा हा पुष्कळ अंशी रस्त्यांचा आणि पाण्याचा नकाशा आहे. एखाद्या गावाचे चित्र नाही म्हणून त्या गावी पाहण्याजोगे काही नव्हते, असे अनुमान काढणे धोक्याचे आहे.

मुंबईत मात्र ही विद्या लवकर रुजली. १८५४ मध्ये तेथे छायाचित्रणाची संस्था निघाली आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळच्या नामांकित छायाचित्रकारांत गणले गेले. हरिश्चंद्र चिंतामण यांनी हाच व्यवसाय पत्करला. भाऊ दाजींनी पुढे अजिंठ्याच्या शिलालेखांवर निबंध लिहिला. घरात कॅमेरा असूनही त्या वाचनाचा भर ठशांवर आणि हाताने उतरलेल्या नकलांवर राहिला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. कोरलेल्या अक्षराचा ठसा कागदावर घेता येतो. अजिंठ्यास भिंतीवर रंगाने लिहिलेलीही अक्षरे आहेत. त्यांचा ठसा निघत नाही, आणि अंधाऱ्या विहारात मळलेल्या गिलाव्यावर ती टिपावयाची तर त्या काळच्या काचेकडून फारशी आशा नव्हती.

आता रॉबर्ट गिलकडे वळू. मराठी वाचकाला हा लष्करी अधिकारी माहीत आहे तो पारोच्या कथेमुळे. १८५६ साली वारलेल्या पारोची कबर अजिंठा गावी आहे आणि ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकाव्याने ती कथा घरोघरी पोचविली. या कथेच्या झगमगाटात गिलचा कॅमेरा झाकून गेला, ही इतिहासाच्या दृष्टीने खेदाची गोष्ट आहे. मद्रासच्या सैन्यातील या चित्रकाराची १८४४ साली लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक झाली. वर्षानुवर्षे तेथे राहून त्याने मोठमोठ्या कापडांवर तैलरंगात प्रतिकृती उतरविल्या. पुढे तो छायाचित्रणाकडे वळला. १८६४ साली जेम्स फर्ग्युसनच्या विवेचनासह त्याची दोन पुस्तके लंडनमध्ये निघाली. एकात अजिंठा व वेरूळ येथील लेण्यांची चौऱ्याहत्तर छायाचित्रे आहेत, दुसऱ्यात पश्चिम हिंदुस्थानातील वास्तू व निसर्ग यांची शंभर जोडचित्रे. अजिंठ्याजवळील अन्वा येथील देवळाचा मंडपही फर्ग्युसनने आपल्या वास्तुकलेच्या इतिहासात गिलच्याच छायाचित्रावरून दाखविला आहे.

यानंतर दोनच वर्षांनी, ३० डिसेंबर १८६६ रोजी, लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तेथे मांडलेल्या गिलच्या बहुतेक सर्व प्रतिकृती जळाल्या. मोजक्याच उरल्या. येथे साहजिकच प्रश्न उद्भवतो : कॅमेरा हाती होता, तो चालविणारा माणूस अजिंठ्यास होता, मूळ भिंती जागेवर होत्या, मग नाहीशी झालेली चित्रे काचेवर उतरवून ही हानी भरून का काढली गेली नाही?

अंधार हे पहिले कारण. स्तंभ, प्रवेशद्वारे, चैत्याचे दर्शनी भाग यांवर ऊन पडते. भित्तिचित्रे आतल्या भिंतींवर आहेत. तेथे काच फार वेळ उघडी ठेवावी लागणार, आणि तेवढ्या वेळात ती वाळून निरुपयोगी होणार. आरशांनी व पांढऱ्या कापडांनी ऊन आत वळविता येते, पण सबंध भिंत त्याने सारखी उजळत नाही. गिलच्या छायाचित्रांत शिल्प आणि वास्तू यांचे जे प्राबल्य आढळते, त्याचा उलगडा पुष्कळसा येथे होतो.

दुसरे कारण अधिक मूलगामी आहे. कलोडियनच्या काचेवरील चांदीचा क्षार जांभळ्या व निळ्या किरणांनाच प्रतिसाद देतो. हिरवा फारसा नाही, पिवळा व तांबडा तर जवळजवळ नाहीच. छायाचित्रकाराच्या तंबूला पिवळ्या कापडाची खिडकी असे ती यामुळेच : त्या उजेडात त्याला काच दिसे, काचेला मात्र तो उजेड जाणवत नसे. आता अजिंठ्याची रंगपेटी पाहावी. तीत गेरू आहे, पिवळी माती आहे, काजळी आहे, पांढरी माती आहे, हिरवी माती आहे आणि काही लेण्यांत राजावर्ताचा निळा आहे. म्हणजे या चित्रांचा देह ज्या मातीने घडविला, नेमका तोच रंग काचेच्या लेखी अंधार होता. डोळ्यांना कांती वाटते ते काचेवर काजळीच्या रांगेत जाऊन बसणार आणि घट्ट निळा रंग फिकट पांढरा होणार. अजिंठ्याच्या चित्रकाराने छटेने साधलेली गोलाई अशा प्रतिमेत उलटीपालटी होते. तपकिरीच्या चार पायऱ्यांची एक सपाट काळोखी होते.

म्हणून १८७२ पासून मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांसह पुन्हा कुंचले घेऊन अजिंठ्यास गेले. पेस्तनजी बमनजी हे त्यांतील एक. कॅमेरा सर्वत्र रूढ झाल्यावर वर्षानुवर्षे चाललेला हा हातनकलांचा खटाटोप जुन्या सवयीचा हट्ट म्हणून पाहिला, तर त्याचा अर्थ हुकतो; त्या काळी डोळा आणि हात यांहून खात्रीचे दुसरे साधन नव्हते. दैवाचा खेळ असा की, यांपैकी अनेक प्रतिकृतीही १८८५ साली लंडनच्या साउथ केन्झिंग्टन संग्रहालयात आगीत सापडल्या.

हाच रंगदोष माणसांच्या चित्रांनाही लागू आहे, आणि तेथे तो केवळ कलेचा प्रश्न राहत नाही. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा सचित्र ग्रंथ निघाला. त्याआधी विल्यम जॉन्सनने मुंबईच्या लोकांचे चित्रसंग्रह प्रसिद्ध केले होते. त्यांत तर एका जागी टिपलेली माणसे दुसऱ्याच देखाव्यापुढे चिकटविलेली आहेत. अशा ग्रंथांतून जातिजमातींचे वर्णन आणि प्रतिमा शेजारी शेजारी येतात. पण गव्हाळ व तपकिरी कातडी या काचेवर असते त्याहून काळी उमटते. त्या प्रतिमांवरून एखाद्या जमातीच्या वर्णाविषयी विधान करणारा अभ्यासक माणसाचा नव्हे, चांदीच्या क्षाराचा गुण सांगत असतो. ‘तसबीर’ मागे पडून ‘छायाचित्र’ हा शब्द रूढ झाला, तो या काळाला कमालीचा लागू पडतो. ग्रीक धातूंतून आलेल्या मूळ शब्दात प्रकाशाने केलेले लेखन आहे, मराठीने मात्र छाया उचलली.

कोरड्या जिलेटिनच्या काचेची कल्पना रिचर्ड मॅडॉक्सने १८७१ मध्ये मांडली आणि त्या काचा सुलभ झाल्यावर तंबू व पखाली यांची गरज संपली. रंगांधता त्यानंतरही उरली. फोगेलने १८७३ साली रंगद्रव्य मिसळून काचेला हिरवा-पिवळा दाखविण्याची युक्ती शोधली. तांबडा समाधानकारक रीतीने दिसण्यास विसावे शतक उजाडावे लागले. गिल १८७९ साली वारला. त्याची कबर भुसावळला आहे. अजिंठ्याच्या भिंतींचे रंग छायाचित्रावर आधारलेल्या रूपात अभ्यासकांपुढे आले ते गुलाम याझदानी यांच्या ग्रंथातून. निझाम सरकारच्या आश्रयाने त्याचा पहिला भाग १९३० साली आणि चौथा १९५५ साली निघाला. तोवर भिंतींवरील गिलाव्याचे आणखी काही पापुद्रे गळून गेले होते.