दवाचा अंतरपाट

निसर्गाला माणसासारखे वागायला लावणारा चेतनगुणोक्ती अलंकार शिकवायचा म्हटला की मराठीच्या मास्तरांपुढे एक उदाहरण हात जोडून उभे असते: बालकवींची ‘फुलराणी’. व्याख्या फळ्यावर, उदाहरण वहीत, गुण पदरात. आयुष्यभर हीच मास्तरकी केल्यामुळे मला त्या घाईचा राग येतो, कारण त्यात खरी मजा राहून जाते.

त्र्यंबक बापूजी ठोंबरे आमच्या खानदेशातले. जन्म धरणगावचा, १८९० चा. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरले, तेव्हा ह्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराची कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ ठरवले. हे कीर्तिकर स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ, भारतीय औषधी वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिणारे. पुंकेसर मोजणाऱ्याने ‘फुलराणी’त फुलाचे लग्न लावणाऱ्याला दाद दिली, ह्याचे मला फार अप्रूप वाटते.

‘बालकवी’ ही पदवी मिळाली ती वयामुळे, मुलांसाठी लिहिल्यामुळे नव्हे. ‘फुलराणी’ मुलांच्या हाती दिली ती पुढे पाठ्यपुस्तकांनी, आणि मुलांनी ती लगेच आपली केली. का?

फूल आणि सूर्य ह्यांचे प्रेम काही नवे नव्हते. संस्कृत कवींनी सूर्य-कमळ, चंद्र-कुमुदिनी हे संसार कधीच थाटून दिले होते; पण ते संकेत आधी शिकावे लागतात. बालकवींनी तेच प्रेम गावातल्या मांडवात आणून बसवले. वाङ्निश्चयाला चंडोल निघतो, वारा सनई धरतो, झरा पखवाज वाजवतो, भारद्वाज नाचतात. नवरा मुलगा सोनेरी किरण. आणि अंतरपाट? दवाचा! इथे मी वर्गात थांबायचो. ऊन चढले की दव उडते, हे पोरांना शेतात गेल्यावर रोजच दिसते. अंतरपाट दूर होतो, हे प्रत्येक लग्नात दिसते. दोन्ही एकमेकांवर अचूक बसतात. निसर्गाची कुठे ओढाताण करावी लागत नाही. नुसते ‘फूल लाजले’ म्हणणारे कवी पैशाला पासरी मिळतील. दवाचा अंतरपाट धरायला डोळा लागतो.

आम्ही वर्गात हे लग्न लावायचोसुद्धा. भारद्वाज व्हायला सगळे तयार, भटजी व्हायलाही. नवरी व्हायला कोणी पुढे येत नसे.

बालकवींच्याच ‘औदुंबर’ ह्या कवितेचे मात्र वेगळे झाले. अवघ्या आठ ओळी. ना वऱ्हाड, ना वाजंत्री. पाण्यात पाय सोडून बसलेले एक झाड, एवढीच चेतनगुणोक्ती आणि तीही अगदी शेवटी. कवी १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेला, अवघ्या सत्तावीस वर्षांचा असताना. त्यानंतर त्या झाडात उदासी, वैराग्य, मृत्यू शोधणाऱ्या समीक्षकांची रांग लागली. शोधोत बापडे. आमच्या नदीकाठच्या पोरांना त्यात गूढ असे काही वाटतच नसे. उन्हाळ्यात तीही तशीच बसत. शाळेच्या वेळात बसत, एवढीच माझी तक्रार.